पेट्रोल व्हॅनमधलं फिरतं घर: खान्देशातून लांब निघणाऱ्यांसाठी

जळगावात मे महिन्यात रात्री नऊ वाजता एखाद्या उभ्या व्हॅनमध्ये शिरा आणि छताला आतून हात लावून बघा. दिवसभर ४५ अंशांत तापलेला पत्रा तेव्हाही गार झालेला नसतो. कॅम्पर व्हॅनचे जे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक थंड मुलखातले. तिथल्या लोकांना गाडी उबदार कशी राहील याची चिंता. आपण तापीकाठचे. आपल्याला गाडी निवडायची ती आपलं ऊन, आपले घाट आणि आपला खिसा बघून.

मी आणि माझे मिस्टर पाच वर्षांपासून एका लहान पेट्रोल व्हॅनमधून फिरतोय. नात्यातले, कॉलनीतले लोक विचारतात, "कोणती गाडी घेऊ?" फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगून काही ना काही राहून जातं, म्हणून सगळं एका जागी लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याभोवती आहेत: लहान पेट्रोल व्हॅन लांबच्या प्रवासाला खरोखर चांगली आहे, पण ती हलकी ठेवली तरच.

पायरी १: गाडी बघायला जाण्याआधी

शोरूममध्ये किंवा जुन्या गाड्यांच्या बाजारात जाण्याआधी घरी बसून तीन गोष्टी कागदावर लिहा. गाडीत रात्री झोपणार किती जण? वर्षातल्या कोणत्या महिन्यांत निघणार? आणि सलग किती रात्री गाडीत काढणार?

दोन माणसं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सलग चार-पाच रात्री आणि मध्ये एखादी रात्र लॉजवर किंवा भक्तनिवासात, असं उत्तर आलं तर लहान पेट्रोल व्हॅन तुमच्यासाठीच आहे. चौघांना आतच झोपायचं असेल तर हा लेख वाचून झाल्यावरही मी तुम्हाला मोठी गाडी भाड्याने घ्यायला सांगेन. दोघं आत आणि दोघं बाहेर तंबूत, हा मधला मार्ग हिवाळ्यात छान चालतो. पावसाळ्यात नाही.

पायरी २: पेट्रोलच का, याचा हिशेब

पहिला प्रश्न हमखास येतो, "लांब जायचंय तर डिझेल का नको?" आपल्याकडे ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत सगळं डिझेलवर बघायची सवय असल्याने तो येणारच.

आपल्या बाजारात डिझेलवर मिळणाऱ्या व्हॅन म्हणजे टाटा विंगर, फोर्स ट्रॅव्हलर, अर्बेनिया या मोठ्या गाड्या. आतून ऐसपैस, काहींमध्ये उभं राहून कपडे बदलता येतील इतक्या. पण किंमत लहान पेट्रोल व्हॅनच्या दुपटीहून जास्त, लांबी जास्त, आणि गावाच्या बोळात वळवताना घाम फुटतो. आमची पेट्रोल व्हॅन सामान भरून, एसी लावून हायवेला लिटरला १४ किलोमीटर देते. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर किलोमीटरला साडेसात रुपये, १० हजार किलोमीटरला ७५ हजार. मोठ्या डिझेल व्हॅनला लिटरला १० किलोमीटर आणि डिझेल ९२ रुपये धरा, तेच अंतर ९२ हजारांत पडतं. म्हणजे लिटरमागे डिझेल स्वस्त असलं तरी गाडीच मोठी असल्यामुळे बचत होत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्यासारख्यांची गाडी वर्षातून दोन-तीन मोठे प्रवास करते आणि बाकीचे दिवस दारात उभी असते किंवा बाजारहाट करते. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ राहायला गाडी मधूनमधून लांब आणि वेगात पळवावी लागते. नुसत्या गावातल्या चकरांनी ती तुंबते आणि मग गॅरेजचं बिल येतं. पेट्रोल इंजिनाला ही काळजी नाही. शिवाय ते हलकं, कमी थरथरणारं आणि हिमालयातल्या थंड पहाटे डिझेलपेक्षा कमी कुरकुर करत सुरू होणारं.

पेट्रोलची उणी बाजूही सांगते. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन उंचीवर दमतं. दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद जाते. जळगाव समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आसपास. तोरणमाळच्या पठारावर गेलात की दहावा हिस्सा गेलाच. मनालीहून लेहकडे जाताना बारालाचा खिंड ४,८०० मीटरच्या वर आहे, तिथे ८० अश्वशक्तीचं इंजिन जेमतेम निम्म्या ताकदीवर चालतं. गाडी हलकी असेल तर चढते. भरलेली असेल तर पहिल्या गिअरमध्ये रडते.

पायरी ३: गाडी कोणती

यादी छोटी आहे. मारुती ईको हे या वर्गातलं आज मिळणारं सगळ्यात सरळ उत्तर. १,१९७ सीसीचं पेट्रोल इंजिन पुढच्या सीटांखाली, ताकद मागच्या चाकांना, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे आणि लांबी ३,६७५ मिलिमीटर. मागची चाकं गाडी ढकलतात हा घाटात फायदा आहे, कारण चढावर आणि मागे सामान असताना वजन मागच्याच चाकांवर येतं. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, ईको त्यात बसते. पाच सीटची घ्या. मागची सीट काढून सपाट जागा मिळते.

ओम्नी. आपल्यातल्या कित्येकांचं बालपण तिच्यात गेलं, शाळेच्या रिक्षाइतकीच ती जिव्हाळ्याची. पण २०१९ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं, इंजिन ७९६ सीसीचं, आणि पुढच्या माणसाचे गुडघे आणि समोरचा ट्रक यांच्यामध्ये फारसं काही नसतं. गावाजवळच्या सहलीला ठीक, हायवेवर लांब जायला मी सुचवणार नाही.

एर्टिगा किंवा तत्सम पेट्रोल गाडी आधीच घरात असेल तर नवी व्हॅन घेऊ नका. मागच्या सीटा पाडून गादी टाका आणि दोन हिवाळे त्यातच फिरा. बसण्याचा आराम आणि हायवेवरची पकड व्हॅनपेक्षा चांगली असते. फक्त आत ताठ बसता येत नाही.

सीएनजीचा मोह होईल. रोजच्या धंद्याला तो योग्यच आहे. पण सीएनजीची टाकी नेमकी तिथेच बसते जिथे तुमचे पाय पसरायचे, आणि आडवाटेला पंप शोधत फिरावं लागतं.

पायरी ४: जुनी घेताना सीट उचला

आम्ही जुनी घेतली. पहिली जी बघितली ती बाहेरून इतकी चकचकीत होती की मी मनातल्या मनात पडद्यांचा रंग ठरवून टाकला होता. विकणारा म्हणाला, एकहाती गाडी आहे, फक्त घरगुती वापर. आमच्या ओळखीचे मिस्त्री सोबत होते. ते बॉनेटकडे गेलेच नाहीत. आधी त्यांनी मागची चटई उचलली, मग जमिनीवर पोतं अंथरून गाडीखाली सरकले आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठकठक करत पुढे गेले. एका जागी आवाज बदलला. बाहेर येऊन म्हणाले, "ताई, इंजिन ठणठणीत शे, पण पत्रा खाले सडेल शे." चटईखाली पुट्टी आणि काळा रंग होता. कधीतरी ती गाडी पाण्यात उभी राहिलेली होती.

त्या दिवसापासून जुन्या व्हॅनसाठी माझा क्रम ठरला आहे.

गाडी थंड असताना बघायला जा. "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली" असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा, कारण थंड इंजिन सुरू होतानाच निळा धूर, टाळीसारखा आवाज आणि चुकलेले ठोके कळतात. मग पुढची सीट उचला. इंजिन तिथेच आहे. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ताकासारखा पांढरट फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असावं, तिथूनच परत फिरा. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, हिरवा, लाल किंवा निळा असावा. तांबूस, गंजलेलं पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये क्षार बसतात आणि ४५ अंशांत गाडी घाटात उकळते.

सरकते दरवाजे दहा वेळा उघडझाक करा. रोज पन्नास मुलं चढ-उतार केलेल्या गाडीचा दरवाजा खालच्या पट्टीवर झिजून लोंबतो. कॅम्परमध्ये त्याच फटीतून धूळ आणि डास येतात.

कागदं बघताना आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवरच्या नंबराशी पडताळा. कर्जाची नोंद असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, मालकी बदलायला २९ आणि ३०. गाडी बाहेरच्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. एमएच-१८, १९ किंवा ३९ ची, म्हणजे धुळे, जळगाव किंवा नंदुरबारची गाडी मिळाली तर धावपळ वाचते आणि पूर्वीच्या मालकाबद्दल दोन माणसांना विचारता येतं. मध्ये कधी सीएनजी किट बसवून काढलेलं असेल तर त्याची नोंद आरसीतून निघाली आहे का तेही बघा.

शेवटी चाचणी. कॉलनीला एक चक्कर मारून काही कळत नाही. चार माणसं बसवा आणि चाळीसगावच्या पुढचा कन्नड घाट चढा. जड वाहनांना तिथे २०२३ पासून बंदी असल्यामुळे लहान गाडीला मोकळा रस्ता मिळतो. धुळे-सुरत रस्त्यावरचे लोक कोंडाईबारीत हीच परीक्षा घेऊ शकतात. वर पोहोचल्यावर थांबा, उतरा आणि नाकाने तपासा. जळक्या रबरासारखा वास आला तर क्लच संपत आलाय. तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला असेल तर थंडावा देणारी यंत्रणा धड नाही. उतरताना पुन्हा त्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक एका बाजूला ओढतात का बघा.

पायरी ५: टेप घ्या आणि झोपून बघा

लाजू नका. गाडीत चादर टाकून दोघांनी खरोखर आडवं व्हा. विकणारा हसला तरी चालेल. माझे मिस्टर पाच फूट दहा इंच. पुढच्या सीटा पूर्ण पुढे सरकवल्यावर त्यांच्या डोक्याला आणि तळपायांना मिळून चार बोटं जागा उरली, आणि ती गाडी आम्ही घेतली. रुंदीत चाकांवरचे उंचवटे मोजायला विसरू नका. पलंग त्यांच्या वर आला पाहिजे, आणि पलंग वर आला की डोकं छताला लागतं. पलंगावर बसून पाण्याचा तांब्या तोंडाला लावून बघा. मान वाकडी न करता पाणी पिता आलं तर उंची बरोबर आहे.

पायरी ६: जिनिंगच्या काट्यावर गाडी चढवा

पहिल्या वर्षी आम्ही सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायचा सुंदर पलंग करून घेतला. खाली चार ड्रॉवर, मागे ओटा, छतावर लोखंडी कॅरिअर. दिसायला दृष्ट लागेल असं. तोरणमाळच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायला लागली आणि तिसऱ्या वळणावर क्लचचा वास आला. आम्ही दोन तास कडेला थांबलो. चूक आमची होती, गाडीची नाही.

परत आल्यावर मिस्टरांनी गाडी कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. हंगाम संपत आला होता, काटेवाल्याने पावती फाडून दिली: १,४६० किलो. आरसीवर लिहिलेल्या कमाल वजनाच्या जेमतेम ५० किलो आत, आणि आम्ही दोघं गाडीच्या बाहेर उभे. म्हणजे आम्ही बसलो की मर्यादा ओलांडली. मग नुसती पुढची चाकं काट्यावर ठेवून परत वजन केलं. सामान सगळं मागच्या एक्सलवर गेलेलं होतं.

प्लाय काढला. त्याजागी अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपांची घडीची चौकट आणि वर १२ मिलिमीटरच्या पट्ट्या, एकेक सुटी. ड्रॉवरऐवजी कापडी पिशव्या. ओटा रद्द. खाली जळगावची प्लास्टिक चटई, जी पाण्याने धुता येते आणि वजनाला काहीच नाही. छतावरचं कॅरिअर भंगारात दिलं, कारण उंचावरचं वजन वळणावर गाडी झुकवतं आणि वारा कापत पेट्रोलही खातं.

पाण्यासाठी २० लिटरचा एक कॅन पुढच्या सीटांच्या लगेच मागे. एक लिटर म्हणजे एक किलो, हे कायम डोक्यात ठेवा. खान्देशात, निमाडात, मराठवाड्यात दर तीस-चाळीस किलोमीटरवर पाणी मिळतं, मग ६० लिटर वाहून न्यायचं कशाला? कॅनला आम्ही ठिबकच्या १६ मिलिमीटर नळीचा तुकडा आणि ठिबकचीच तोटी बसवली आहे. शेतकऱ्याच्या घरात हे पडलेलंच असतं, गळत नाही, आणि तुटलं तर कोणत्याही तालुक्याच्या गावाला मिळतं.

तुम्हीही गाडी दोनदा काट्यावर न्या: घेतल्यावर रिकामी, आणि पहिल्या मोठ्या प्रवासाच्या आदल्या दिवशी भरलेली, तुम्ही दोघं आत बसून. कमाल वजनाच्या किमान १०० किलो आत राहा. सामान कमी करण्याबद्दल इतकं आग्रहाने सांगतेय कारण लहान पेट्रोल गाडीचे बाकी सगळे त्रास, क्लच, ब्रेक, टायर, उकळणं, ॲव्हरेज, इथूनच सुरू होतात.

पायरी ७: उन्हाची तयारी

पांढरी गाडी घ्या. यात चर्चा नको.

छताच्या आतून चंदेरी कागद चिकटवलेली फोम शीट लावा, कडा टेपने बंद करा. खिडक्यांना त्याच शीटचे कापलेले तुकडे, रात्री काढून जाळ्या लावता येतील असे. डासांच्या जाळ्या चुंबकाच्या पट्टीने बसवा. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला लागून मुक्काम केलात तर जाळीचं महत्त्व दहा मिनिटांत समजेल. केळीची सावली दिसायला गार, पण रात्री तिथे दमट हवा कोंडते. त्यापेक्षा बांधावरच्या कडुनिंबाखाली, उघड्यावर, वारा येईल असं थांबा.

पंख्यासाठी दुसरी बॅटरी हवी, गाडीच्या मूळ बॅटरीवर पंखा लावून झोपलात तर सकाळी धक्का मारावा लागेल. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टचा पंखा २० वॅटचा, नऊ तास चालला तर १८० वॅट-तास. दिवे आणि मोबाइल मिळून ६०. साधी १२ व्होल्टची, ६० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची लेड-अॅसिड बॅटरी ७२० वॅट-तासांची, पण निम्मीच वापरायची म्हणजे ३६० मिळाले. दोघांना एक रात्र पुरते. लहान फ्रिज हवा असेल तर मात्र १०० एएचची लिथियम बॅटरी आणि १०० वॅटचं सोलर पॅनल लागेल, आणि वजन पुन्हा वाढेल. आम्ही फ्रिज घेतला नाही. मातीचा माठ ओल्या गोणपाटात गुंडाळून दरवाजाशी ठेवतो.

एप्रिल-मे मध्ये खान्देशात व्हॅनमध्ये झोपू नका, हे मी पाच वर्षांच्या अनुभवावरून सांगते. तेव्हा गाडी घेऊन तोरणमाळला किंवा सातपुड्यातल्या पालला जा, नाहीतर सरळ उत्तरेला निघा.

पायरी ८: आरटीओ आणि स्क्रू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हे ठामपणे सांगितलं. छत कापून उंच करणं, सीटा कायमच्या काढून वेल्डिंगने पलंग ठोकणं, सिलिंडर पक्का बसवणं, हे सगळं त्यात येतं. कारखान्यातून किंवा मान्यताप्राप्त पद्धतीने तयार होणाऱ्या मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन नियमांमध्ये बिगर-वाहतूक वाहनांत मोडते. तो रस्ता धरायचा तर काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा.

नवख्यांनी सुटी मांडणी करावी. पलंग पट्ट्यांनी बांधलेला, दहा मिनिटांत निघणारा, सीट पुन्हा बसवता येणारी. ती सामानासारखी राहते, विमा कंपनीशी वाद होत नाही आणि गाडी विकताना पूर्ण किंमत येते. पण पट्ट्या घट्ट आवळा. ब्रेक दाबल्यावर सुटा पलंग मानेवर येतो.

नव्या ईकोत सहा एअरबॅग आहेत, त्यांतल्या पडद्यासारख्या एअरबॅग छताच्या कडेला घडी करून ठेवलेल्या असतात. पडद्याची दांडी लावायला तिथे एकही स्क्रू मारू नका आणि त्या पट्टीवर फोमही चिकटवू नका.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तरी आपल्या भागात मुक्काम अजून पेट्रोल पंप, ढाबे आणि देवस्थानांच्या भरवशावरच होतात. मुक्ताईनगर, प्रकाशा, सारंगखेडा, पद्मालय अशा ठिकाणी आधी विचारून थांबलं की कोणी नाही म्हणत नाही, उलट जेवायला बोलावतात. यावल अभयारण्यात किंवा गौताळ्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय रात्री गाडी उभी करू नका.

पायरी ९: गॅस, धूर आणि पेट्रोलची वाफ

इथे तडजोड नाही. स्वयंपाक गाडीच्या बाहेर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता जमिनीवर, तुमच्या गादीखाली साचतो. खाली पेट्रोलची टाकी आहे. दुपारी बंद गाडीच्या आतलं तापमान ६० अंशांवर जाऊ शकतं, आणि कॅम्पिंगच्या छोट्या गॅसच्या डब्यांवर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं. म्हणून गाडी उन्हात सोडून लेणी बघायला गेलात तर डबा सावलीत, हवेशीर जागी काढून ठेवा. खरं तर आम्ही उन्हाच्या दिवसांत शेगडी नेतच नाही. कळण्याची भाकरी दोन दिवस टिकते, ठेचा चार दिवस, आणि शेवभाजी प्रत्येक ढाब्यावर आहे.

एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. बॅटरीवर चालणारा त्याचा अलार्म मिळतो, तो पलंगाच्या उशाशी लावा. जास्तीचं पेट्रोल कॅनमध्ये भरून गाडीत ठेवू नका. झोपण्याच्या जागेत पेट्रोलची वाफ नको.

पायरी १०: पंपावर

आता सर्वत्र २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग त्यासाठी योग्य केलेले आहेत. जुनी गाडी घेतलीत तर पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि वॉशर बदलून टाका, खर्च थोडा आहे. इथेनॉल हवेतली ओल धरतं, म्हणून गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी न ठेवता जवळजवळ भरून ठेवा आणि दर आठवड्याला पंधरा मिनिटं चालवा.

नव्या ईकोची टाकी ३२ लिटरची आहे. १४ च्या ॲव्हरेजने ४४८ किलोमीटर होतात, पण मी दर ३०० ला भरते. पंपाचा नॉझल बंद झाला की थांबा, काठोकाठ भरायला सांगू नका.

टायरची हवा सकाळी, गाडी पळवण्याआधी तपासा. दुपारी तापलेल्या टायरात हवा जास्त दिसते म्हणून काढून टाकली तर रात्री ती कमी पडते. घाटात इंजिनाला गुदमरवू नका. ईकोच्या इंजिनाचा पुरेपूर जोर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या आसपास मिळतो, म्हणून आवाज वाढला तरी दुसऱ्या गिअरमध्येच चढू द्या.

पायरी ११: पहिल्या चार रात्री

पहिली रात्र घराच्या अंगणात झोपा. हसू येईल, पण चार्जर कुठे ठेवला, रात्री उठताना कशाला ठेच लागते, दरवाजा आतून उघडतो का, हे तिथेच कळावं.

दुसरी तासाभराच्या अंतरावर. आम्ही पद्मालयला गेलो होतो. चाळीसगावकडच्यांना पाटणादेवी, चोपड्याकडच्यांना उनपदेव, मात्र दोन्हीकडे जंगल लागून असल्याने मुक्कामाची जागा आधी विचारून ठरवा. तिसरी घाट चढून, तोरणमाळला, डिसेंबरात. तिथे रात्री खूप गार पडतं, आणि खिडक्या पूर्ण बंद करून झोपलात तर सकाळी काचांवरून आतून पाणी ओघळतं. दोन्ही बाजूंच्या खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा.

चौथी रात्र बाहेरच्या राज्यात, सेंधव्याच्या पुढे नर्मदेच्या दिशेने. प्रत्येक मुक्कामानंतर एक वही काढा आणि गाडीतलं जे सामान एकदाही हातात घेतलं नाही ते लिहा. आमच्या पहिल्या यादीत २३ वस्तू होत्या. त्यांत माझी इस्त्री होती आणि मिस्टरांचा मोठा पाना-संच. घरी आल्यावर दोन्ही उतरवले आणि गाडी पुन्हा काट्यावर नेली. पाचव्या प्रवासाला निघालो तेव्हा पावतीवर १,२८० किलो लिहिलं होतं, आम्ही दोघं आत बसून.